समुद्रतळाखाली कार्बनची साठवण : मुंबईच्या दाराशी असलेला प्रश्न

खनिज तेल व नैसर्गिक वायूच्या व्यवहाराशी शीवचा संबंध थेट आहे. वांद्रे-शीव जोडरस्त्यावरील ‘इलेव्हन हाय’ या इमारतीत तेल व नैसर्गिक वायू महामंडळाची (ओएनजीसी) कार्यालये असून, मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात असलेल्या ‘बॉम्बे हाय’ क्षेत्राची आठवण या नावातूनच होते. शीवपासून काही किलोमीटरवर, माहुल-तुर्भे पट्ट्यात, दोन तेलशुद्धीकरण कारखाने, खत कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र आहे. एकीकडे धुराडी आणि दुसरीकडे समुद्रतळाखाली रिते होत चाललेले वायूचे साठे. मग धुराड्यातील कार्बन डायऑक्साईड पकडून तो या साठ्यांत कायमचा गाडून टाकता येईल काय?

या कल्पनेमागील शास्त्र अवघड नाही. ‘वायूचा साठा’ म्हटले की एखादी प्रचंड गुहा डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात तो वालुकाश्म वा चुनखडीसारख्या सच्छिद्र खडकाचा थर असतो. वायू त्या खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत साठलेला असतो आणि वरच्या अभेद्य थरामुळे लक्षावधी वर्षे तेथेच अडकून राहिलेला असतो. वायू काढून घेतला की छिद्रांतील दाब उतरतो व नव्या वायूला जागा होते. कार्बन डायऑक्साईड ३१ अंश सेल्सिअस तापमानाच्या आणि सुमारे ७४ बार दाबाच्या पलीकडे गेला की द्रवासारखा दाट होतो. जमिनीखाली साधारण ८०० मीटरपेक्षा खोल ही स्थिती मिळते. त्यामुळे पृष्ठभागावर पाचशेहून अधिक घनमीटर जागा व्यापणारा एक टन वायू तेथे दोन घनमीटरहूनही कमी जागेत मावतो. ज्या खडकाने नैसर्गिक वायू युगानुयुगे धरून ठेवला, तो हा वायूही धरून ठेवील, हा या योजनेचा मुख्य आधार होय.

मुंबईच्या समुद्रातील सर्वच क्षेत्रे मात्र या कामी सारखी उपयोगाची नाहीत. १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ जहाजाने शोधलेले बॉम्बे हाय हे मुख्यतः तेलाचे क्षेत्र आहे. तेथे १९७६ पासून उत्पादन चालू असून, दाब टिकविण्यासाठी १९८४ पासून त्यात समुद्राचे पाणी सोडले जाते. साहजिकच तेथील छिद्रे रिकामी नाहीत. कार्बन डायऑक्साईड सोडायचाच तर उरलेले तेल बाहेर ढकलण्यासाठी तो वापरता येईल. १९७६ मध्ये सापडलेले बसीन (वसई) हे मोठे वायुक्षेत्र असले, तरी अद्याप उत्पादन देत आहे. खऱ्या अर्थाने संपलेले क्षेत्र म्हणजे मुंबईच्या वायव्येकडील ताप्ती. १९९४ च्या करारानुसार ओएनजीसी, रिलायन्स व एक विदेशी भागीदार यांच्या संयुक्त उपक्रमाने ते चालविले. २०१६ मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे तेथील विहिरी बुजवून फलाट काढून टाकण्यात आले. भारतीय समुद्रातील अशा प्रकारचे हे पहिले मोठे काम मानले जाते.

येथेच एक मुद्दा लक्षात येतो. साठवणीसाठी जुनी विहीर, फलाट व वाहिनी उपयोगी पडतील, असे गृहीत धरले जाते. पण क्षेत्र संपताच ती काढून टाकणे हीच कायदेशीर जबाबदारी असते. निर्णय वेळेवर झाला नाही तर पुन्हा सारे नव्याने उभारावे लागते. शिवाय जुन्या विहिरी हाच गळतीचा सर्वांत संभाव्य मार्ग असतो. पाण्यात मिसळलेला कार्बन डायऑक्साईड आम्लधर्मी होऊन सिमेंट व पोलाद झिजवितो, चुनखडीही विरघळवितो. दाब उतरलेल्या क्षेत्रात हा वायू सोडताना तो एकाएकी प्रसरण पावून अतिशय थंड होतो व विहिरीत बर्फ धरण्याचा धोका निर्माण होतो. हे प्रश्न सोडविण्याजोगे आहेत, पण ते खर्चिक आहेत.

परदेशांतील अनुभव उद्बोधक आहे. नॉर्वेने १९९१ मध्ये कार्बनवर कर लावला आणि १९९६ पासून स्लायप्नर क्षेत्रात दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास वायू समुद्रतळाखालील खाऱ्या पाण्याच्या थरात सोडला जाऊ लागला. नेदरलँड्सच्या के१२-बी या समुद्री वायुक्षेत्रात २००४ पासून छोट्या प्रमाणात हाच प्रयोग झाला. रॉटरडॅमच्या ‘पोर्थोस’ प्रकल्पाचा निर्णय २०२३ मध्ये झाला असून, किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवरील रिकाम्या वायुक्षेत्रांत वर्षाला २५ लाख टन याप्रमाणे एकूण ३ कोटी ७० लाख टन साठविण्याची ती योजना आहे. तुलनेसाठी सांगायचे तर, कोळशावरील ५०० मेगावॉटचा एकच संच वर्षभर चांगल्या क्षमतेने चालला, तर ३० ते ३५ लाख टन कार्बन डायऑक्साईड सोडतो. म्हणजे एवढा मोठा प्रकल्पही अशा एका संचास पुरा पडणार नाही.

भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट २०२१ मध्ये जाहीर केले. नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन ग्रहण, वापर व साठवण यांविषयी धोरणात्मक अहवाल प्रसिद्ध केला. पवईच्या आयआयटीत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र आहे. ओएनजीसीनेही २०२२ मध्ये शेल कंपनीबरोबर साठवणीच्या शक्यता तपासण्याचा करार केला. दख्खनच्या काळ्या पाषाणाचाही पर्याय अभ्यासला जात आहे, कारण आइसलँडमध्ये अशाच बेसाल्टमध्ये सोडलेल्या वायूचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाल्याचे २०१६ मध्ये दिसून आले.

सामान्य मुंबईकराच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा प्रश्न समुद्रतळाखालचा नसून वाटेवरचा आहे. हा वायू हवेच्या दीडपट जड असल्याने फुटलेल्या वाहिनीतून तो सखल भागात साचतो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात २०२० मध्ये अशी वाहिनी फुटून ४५ जणांना रुग्णालयात न्यावे लागले होते. माहुल, चेंबूर, शीव या दाट वस्तीच्या आणि पावसाळ्यात पाणी तुंबणाऱ्या पट्ट्यात अशी वाहिनी कोठून न्यावी, हा तांत्रिक तपशील नव्हे. तो रहिवाशांना विचारून ठरविण्याचा विषय आहे.

दुसरा प्रश्न उत्तरदायित्वाचा. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार साठा बंद केल्यावर साधारणतः किमान वीस वर्षे कंपनी जबाबदार राहते आणि त्यानंतर जबाबदारी सरकारकडे जाते. कंपन्या येतात व जातात; गाडलेला वायू मात्र शतकानुशतके तेथेच राहावयाचा आहे. तो पकडण्यासाठीच वीजकेंद्राची पाचवा ते चौथा हिस्सा ऊर्जा खर्ची पडते, हेही विसरून चालणार नाही. म्हणून साठवण ही सौर व पवन ऊर्जेची जागा घेणारी नव्हे. सिमेंट, पोलाद, खते यांसारख्या, उत्सर्जन टाळणे कठीण असलेल्या उद्योगांसाठीच ती राखून ठेवणे शहाणपणाचे ठरेल. मुंबईने पन्नास वर्षे समुद्राच्या पोटातून इंधन घेतले. त्याची परतफेड करावयाची असेल, तर नियम, विमा आणि देखरेख यांची व्यवस्था पहिली विहीर पुन्हा उघडण्यापूर्वीच झाली पाहिजे.