पांडुरंग हे नाव कुणाचे?

माउली, आपल्या घरात, भावकीत एखादा विठ्ठल, एखादा पांडुरंग असेलच. हाक मारताना नाव आले कुठून, हे विचारायचे राहूनच जाते.

विठ्ठल नावाचे मूळ डॉ. रा. गो. भांडारकरांनी कन्नडात शोधले. विष्णूचे तिकडचे बोलीतले रूप ‘बिट्टि’. होयसळ राजा विष्णुवर्धनाचे पहिले नाव बिट्टिदेवच होते. ही व्युत्पत्ती सगळ्यांना पटलेली नाही. पण देवाला ‘कानडा’ तर संतांनीही म्हटले आहे.

पांडुरंगाची गोष्ट आणखी गमतीची. पंढरपूरचे जुने कानडी नाव पंडरगे, त्यावरून हे नाव घडले असे मानतात. मात्र बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या ‘देशीनाममाले’त पंडरंग म्हणजे रुद्र! ज्याला आपण विष्णू म्हणून आळवतो, त्याच्या नावात शंकर बसला आहे. विठुरायाच्या मस्तकी शिवलिंग आहे असे आपण मानतो, ते उगीच नव्हे.

संतांची घरे पाहा. नामदेवरायांची मुले नारा, विठा, गोंदा आणि महादा. तुकोबारायांचे महादेव, विठोबा, नारायण. लेकी काशी, भागीरथी, गंगा. शैव-वैष्णवांचे वाद चालू असताना वैष्णवाच्या अंगणात ‘महादेवा, जेवायला ये’ अशी हाक उठत असेल.

माझ्या नातवाच्या बारशाला सुनेला दोन अक्षरी नाव हवे होते. म्हटले, विठा दोन अक्षरीच आहे की! सगळे हसले. आत्याने कानात ठरलेले नाव सांगितले. रात्री पाळण्याशी जाऊन मी माझे सांगून आलो.