पदवीचे मोल किती?

(खास प्रतिनिधी)

बारावीचा निकाल लागला की घरोघरी 'पुढे काय?' हा प्रश्न उभा राहतो. एके काळी त्याचे उत्तर ठरलेले असे : आधी पदवी पदरात पाडून घे, मग बघू. आता या 'मग बघू'ने पालकांना धीर येत नाही. बी. ए. झालेला मुलगा स्पर्धा परीक्षांच्या तयारीत वर्षामागून वर्षे काढतो आणि त्याच्याच वर्गातला, आयटीआय केलेला मित्र कारखान्यात कमावता झालेला असतो, असे चित्र अनेक वस्त्यांत दिसते. मग आयुष्यातील तीन-चार वर्षे आणि घरातील पुंजी पदवीवर खर्च करावी का? याला सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर नाही. मात्र पदवी काय देते आणि काय देत नाही, हे समजून घेतले तर निर्णय सोपा होऊ शकतो.

मूठभरांपासून चार कोटींपर्यंत

१८५४ च्या वुडच्या खलित्याला अनुसरून १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ मध्ये बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या मूठभर पदवीधरांपैकी होत. पदवीधर दुर्मीळ होता, तोवर नावापुढील 'बी. ए.' ही अक्षरेच पुरेशी असत. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०२१-२२ मध्ये देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. जी गोष्ट अनेकांजवळ असते, ती केवळ जवळ असल्याने कोणी वेगळा ठरत नाही. उलट ती नसल्यास मात्र अर्जच बाद होण्याची भीती असते. आजच्या पदवीधराची खरी अडचण ही आहे.

ज्ञान की शिक्का?

पदवीधराला अधिक पगार का मिळतो, याविषयी अर्थशास्त्रात दोन प्रमुख विचार आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये 'मानवी भांडवला'ची मांडणी विस्ताराने केली. शिक्षणाने माणसाची कार्यक्षमता वाढते, म्हणून त्याची मिळकत वाढते, असे हा विचार सांगतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू पुढे आणली. उमेदवार किती सक्षम आहे, हे मालकाला आधी कळत नाही. पदवी ही त्या क्षमतेची खूण म्हणून काम करते, असे त्यांचे म्हणणे. दोघांनाही पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने यातील बोध असा, की पदवीचा शिक्का स्वस्त होत गेला तरी अभ्यासातून अंगी आलेले कौशल्य स्वस्त होत नाही.

आकड्यांचा अर्थ

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या सहभागाने तयार झालेल्या २०२४ च्या भारतीय रोजगार अहवालानुसार, २०२२ मध्ये तरुण पदवीधरांतील बेरोजगारी २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांतील केवळ ३.४ टक्के होती. यावरून अशिक्षित राहणेच बरे, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. हातावर पोट असलेल्याला रिकामे बसणे परवडत नाही. मिळेल ते काम तो करतो. पदवीधर मात्र शिक्षणाला साजेशा कामाची वाट पाहत थांबतो. जगभरच्या आकडेवारीचा आढावा घेणाऱ्या जागतिक बँकेच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, शिक्षणाच्या प्रत्येक वाढीव वर्षामागे मिळकत सरासरी ९ टक्क्यांनी वाढते.

परंतु सरासरीने एकेकट्याचे पोट भरत नाही. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाखांहून अधिक अर्ज आले. पाचवी उत्तीर्ण एवढीच पात्रता असलेल्या या नोकरीसाठी २५५ पीएच. डी.धारकही रांगेत होते.

पदवीवाचून न उघडणारी दारे

काही क्षेत्रांत पदवी ही कायद्याचीच अट आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा, राज्यसेवा परीक्षा, बँकांतील प्रोबेशनरी ऑफिसरची भरती, बी. एड. आणि तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम यांसाठी ती लागतेच. वैद्यक, वास्तुकला, वकिली या व्यवसायांना तर त्या त्या विषयाचीच पदवी हवी. अमेरिकेच्या एच-१ बी व्हिसासाठीही पदवी किंवा तिच्याशी समकक्ष पात्रता दाखवावी लागते.

दुसरीकडे, पदवीवाचून चालणाऱ्या वाटाही भक्कम आहेत. बारावीनंतर फाउंडेशन परीक्षा देऊन सनदी लेखापाल होता येते. दहावीनंतर तंत्रनिकेतनातून तीन वर्षांची पदविका घेता येते आणि तिच्या बळावर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशही मिळू शकतो. आयटीआयनंतर १९६१ च्या कायद्याखाली शिकाऊ उमेदवार म्हणून विद्यावेतनावर काम शिकता येते. आधी कमावून मग पदवी घ्यायची असेल, तर १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे.

प्रवेशापूर्वी एवढे तपासा

पहिली गोष्ट मान्यतेची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. बोगस विद्यापीठांची यादी आयोग प्रसिद्ध करतो, ती अवश्य पाहावी.

दुसरी गोष्ट खर्चाची. केवळ शुल्क मोजू नये. वसतिगृह, प्रवास, पुस्तके आणि त्या काळात हुकलेली कमाई हाही खर्चच होय. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीची तरतूद झाली. घरातील मुलीचा निर्णय घेताना ती विसरू नये.

तिसरी गोष्ट नोकरीच्या दाव्यांची. जाहिरातीतील सर्वोच्च पगार एखाद्यालाच मिळालेला असतो. वर्गातील किती जणांना काम मिळाले आणि मधल्या विद्यार्थ्याचा पगार किती, हे विचारावे. उत्तर टाळले गेले, तर तेही एक उत्तरच समजावे.

चौथी गोष्ट मधूनच बाहेर पडण्याची. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स अशी रचना सुचवली आहे. त्यामुळे घरच्या अडचणीने शिक्षण थांबले तरी केलेला अभ्यास वाया जाऊ नये, अशी अपेक्षा आहे. आपल्या महाविद्यालयात ही सोय कशी अमलात आहे, याची चौकशी करावी.

थोडक्यात, पदवी घेण्याआधी ती कोणत्या दारासाठी हवी आहे, हे ठरले पाहिजे. ते दार ठाऊक असेल, तर तीन वर्षे सत्कारणी लागतात. ठाऊक नसेल आणि केवळ 'सगळेच घेतात' म्हणून प्रवेश घेतला, तर हाती पडते ते प्रमाणपत्र. आणि 'पुढे काय?' हा प्रश्न तीन वर्षांनी, अधिक वयात आणि कमी पुंजीनिशी, पुन्हा समोर उभा राहतो.