घराचा खण, दुकानाचा खण

जुन्या घराचे दुकान झाले की वास्तू भ्रष्ट झाली, अशी हळहळ आपल्याकडे व्यक्त होते. आम्हांला ती अपुरी वाटते. दुसऱ्या बाजीरावाने १८०७ साली बांधलेल्या पुण्याच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. पुढे तेथे नगरपालिकेची कचेरी आली. १८७९ च्या आगीनंतरही तो सावरला. शनिवारवाड्याचे मात्र १८२८ च्या आगीनंतर अवशेषच उरले. वापर बदलणे हाही वास्तूच्या टिकण्याचा एक मार्ग असतो.

कन्हानकाठच्या, नागपूर-भंडारा रस्त्यावरील मौद्यासारख्या गावी प्रश्न राजवाड्याचा नसतो. तो सागवानी खांबांच्या, कवेलूंच्या घराचा असतो. रस्त्याकडच्या भागात जनरल स्टोअर्स थाटायचे, तर त्या घराची रचनाच वाट दाखवते. खांब-तुळयांच्या घरात छताचा भार खांब पेलतात. मधली भिंत बहुधा आडोशापुरती. दोन खांबांमधले अंतर म्हणजे खण. तो मोकळा केला की दुकान उभे राहते. रुंद शटरसाठी खांबच कापला, तर छत खचते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला, तर ओल आत कोंडते. चुना ती बाहेर जाऊ देतो.

मराठीत घराचे माप खण, फडताळाचा कप्पा खण आणि चोळीचे कापडही खणच. घर आणि दुकान यांत भाषेने भिंत घातलेली नाही. नव्या दुकानदाराने खांब तेवढा राखावा.