अमळनेरच्या पेटीतले कागद

परवा पोहरादेवीत चहाच्या टपरीवर एका पोरानं मोबाईल पुढं केला. "भाऊ, आयटीचे शेअर पडले. काढू का ठेवू?" सोयाबीनचे पैसे होते. टिप देणं आपलं काम नाही, पण इतिहास सांगता येतो. तो आपल्याच महाराष्ट्रातला आहे.

जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजींच्या शाळेचं गाव. तिथं डिसेंबर 1945 मध्ये मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. शेंगदाण्याच्या पट्ट्यात वनस्पती तूप बनवणारी. गावातल्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी 100 रुपये दर्शनी किमतीचे शेअर घेतले. तेव्हा ही टेक्नॉलॉजी कंपनी नव्हतीच, डालडासारख्या तुपाची होती.

1966 मध्ये प्रेमजी वारले. 21 वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण अर्धवट सोडून आला. सभेत एक भागधारक त्याला तोंडावर म्हणाला, तुला हे जमणार नाही, शेअर विकून टाक. पुढं 1977 मध्ये आयबीएमनं भारत सोडला आणि कंपनी संगणकाकडं वळली. नाव झालं विप्रो.

आता हिशेब बघा. 1997 च्या बोनसआधी ज्याच्याकडं 100 शेअर होते आणि ज्यानं एकही विकला नाही, त्याचे बोनस अन् स्प्लिट धरून डिसेंबर 2024 पर्यंत 80,000 शेअर झाले. अमळनेरला करोडपतींचं गाव म्हणतात ते उगाच नाही.

पण मधला काळ कुणी सांगत नाही. 2000 च्या सुरुवातीला आयटीचा फुगा फुटला. अमेरिकेचा नॅसडॅक अडीच वर्षांत तीन चतुर्थांशाहून जास्त घसरला, अन् जुनी पातळी गाठायला त्याला 15 वर्षं लागली. विप्रोही जोरात आपटला. ज्यांनी शिखरावर घेतला, त्यांची वर्षं वाट बघण्यातच गेली.

मग अमळनेरवाले टिकले कसे? माझ्या मते ते काही फार हुशार नव्हते. घर शेतीवर, दुकानावर चालायचं. कर्ज काढून शेअर घेतलेले नव्हते. कागद पेटीत होता, भाव दर मिनिटाला खिशात वाजत नव्हता.

आणि 'धरून ठेवा' हाही मंत्र नाही. सत्यमही आयटीतलीच मोठी कंपनी होती. 7 जानेवारी 2009 ला रामलिंग राजूंनी खोट्या हिशेबाची कबुली दिली अन् एका दिवसात शेअर मातीमोल झाला. तिथंही लोकांनी विश्वासानंच धरून ठेवले होते. अमळनेरची गोष्ट आपण ऐकतो, कारण ती जिंकलेल्यांची आहे.

आज तर शेअर धरणं राहिलं बाजूला, पोरं ऑप्शनमध्ये आहेत. सेबीच्या 2024 च्या अहवालानुसार, आधीच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे बाजारातल्या दर 100 किरकोळ लोकांपैकी 93 जणांनी पैसे गमावले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर.

त्या पोराला मी एवढंच विचारलं, "पेरणीला हे पैसे लागतील का?"

तो म्हणाला, "लागतील."

मग बाबा, काढू का ठेवू हा प्रश्नच नाही. पेरणीचे पैसे तिथं जायलाच नको होते.

तुमच्या गावात काय चाललंय? कमेंटमध्ये सांगा.