साल्ट लेकचे कुरव

कुरव हा पक्षी आपल्याला समुद्रकाठचा म्हणून परिचित आहे. हिवाळा सुरू झाला की कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर त्याचे थवे उतरतात. मुंबईहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या मागे घिरट्या घालत प्रवाशांनी फेकलेला खाऊ हवेतल्या हवेत झेलणारे पांढरे पक्षी पुष्कळांनी पाहिले असतील. परंतु आपल्याकडे येणाऱ्या तपकिरी डोक्याच्या कुरवाची वीण समुद्रावर होत नाही. लडाख आणि तिबेटमधील उंचावरच्या सरोवरांकाठी तो घरटी करतो आणि थंडी काढण्यासाठी खाली येतो. तेव्हा त्याला निव्वळ समुद्रपक्षी म्हणणे अर्धेच खरे आहे. जेथे पाणी आणि पोटाला काहीतरी मिळेल तेथे तो राहतो.

आणि हे ‘काहीतरी’ फार व्यापक आहे. मासे, खेकडे, शिंपले, गांडुळे, कीटक, उंदीर, इतर पक्ष्यांची अंडी व पिल्ले, मेलेली जनावरे, कोळ्यांनी टाकून दिलेली मासळी, शहराचा कचरा, यांपैकी कशाचेही या कुळाला वावडे नाही. काही जातींचे कुरव शिंपला उंच नेऊन खडकावर टाकतात आणि फुटल्यावर आतला जीव खातात. ओल्या गवतावर पाय आपटून गांडुळे वर काढण्याची युक्तीही त्यांना साधते. दुसऱ्या पक्ष्याच्या चोचीतला घास हिसकावण्यात त्यांना संकोच नाही. नांगर चालू असेल तर बगळ्यांप्रमाणे तेही नांगरामागे उतरतात. या सर्वभक्षी स्वभावामुळेच कुरव एकदा एका मानवी वसाहतीच्या इतिहासात शिरला. नुसता शिरला नाही, तर त्या वसाहतीने त्याला स्तंभावर बसवले. ही घटना अमेरिकेतील युटा प्रांतातली, १८४८ सालची. आपणही परमुलखात वसलेल्या घराण्यांचे वंशज असल्याने ती मुळापासून पाहण्यासारखी आहे.

मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याची १८४४ मध्ये इलिनॉय राज्यात जमावाने हत्या केली. शेजाऱ्यांशी वैर वाढत गेले आणि १८४६ च्या फेब्रुवारीत पंथीयांनी आपले नॉव्हू हे गाव सोडण्यास आरंभ केला. ब्रिगहॅम यंग याच्या नेतृत्वाखाली त्यांची पहिली तुकडी जुलै १८४७ मध्ये रॉकी पर्वतापलीकडच्या खोऱ्यात, ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराजवळ पोहोचली. २४ जुलै हा दिवस युटामध्ये आजही पाळला जातो. त्या वेळी हा मुलूख कायद्याने मेक्सिकोचा होता. १८४८ च्या फेब्रुवारीतील तहाने तो अमेरिकेकडे आला. यंग स्वतः मागे राहिलेल्यांना आणण्यासाठी परत गेला आणि सुमारे सतराशे माणसांनी त्या अनोळखी खोऱ्यात पहिला हिवाळा काढला. बरोबर आणलेले धान्य मोजकेच होते. ओढ्यांचे पाणी पाटांनी वळवून त्यांनी सुमारे पाच हजार एकरांवर पेरणीची तयारी केली. पुढच्या शरदात आणखी माणसे येणार होती. त्या सर्वांचे पोट याच पिकावर अवलंबून होते.

मे महिन्यात उशिराचे हिव पडले आणि कोवळी रोपे करपली. पाणीही अपुरे पडू लागले. त्यातच डोंगरउतारांवरून काळसर, जाडजूड किड्यांच्या फौजा शेतांत उतरल्या. या किड्याला पुढे ‘मॉर्मन क्रिकेट’ असे नाव पडले, तरी तो रातकिडा नव्हे. नाकतोड्याच्या दूरच्या नात्यातला, उडता न येणारा तो प्राणी आहे. त्याच्या झुंडी पायी चालतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात या चालण्याचे कारण दिसून आले. झुंडीतील किड्यांना प्रथिने आणि मीठ यांची टंचाई भासते आणि जो मागे रेंगाळेल त्याला मागचे भाऊबंदच खातात. म्हणून सर्वांना पुढे सरकत राहणे भाग पडते. वसाहतकऱ्यांनी झाडू आणि काठ्या घेतल्या, चर खणले, पाणी सोडले, आगी लावल्या. बायका-मुलेही या कामाला जुंपली गेली. पण झुंडी येतच राहिल्या.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात सरोवराकडून कुरवांचे थवे आले आणि किडे वेचू लागले. वसाहतीचा प्रमुख जॉन स्मिथ याने ९ जूनच्या पत्रात यंगला ही वार्ता कळवली आणि त्यात ईश्वराचा हात दिसत असल्याचेही सूचित केले. पाहणाऱ्यांना एका गोष्टीने विशेष चकित केले. हे पक्षी किडे गिळत, पाणी पीत, खाल्लेले ओकून टाकत आणि पुन्हा खाऊ लागत. भूक भागल्यावरही जो खातो तो स्वतःसाठी खात नसून आपल्यासाठी पाठवलेला असावा, असा अर्थ भाविक मनाने काढला. संकटात सापडलेल्या माणसांनी असा अर्थ काढला म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही.

पुढे या प्रसंगाची कथा होत गेली. १८५३ च्या सुमारास पंथाच्या व्यासपीठावरून तिचा चमत्कार म्हणून उल्लेख होऊ लागला. १ ऑक्टोबर १९१३ रोजी सॉल्ट लेक सिटीतील मंदिराच्या आवारात कुरवांच्या स्मारकाचे समर्पण झाले. दगडी स्तंभाच्या माथ्यावर दोन सोनेरी कुरव आहेत. शिल्पकार माहोनरी यंग हा ब्रिगहॅम यंगचाच नातू. १९५५ मध्ये कॅलिफोर्निया कुरव हा युटाचा राज्यपक्षी ठरला. समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर आत असलेल्या राज्याने समुद्रपक्ष्याचे नाव वागवणारा पक्षी आपले चिन्ह म्हणून निवडला, त्यामागे ही स्मृती आहे.

१९७० मध्ये विल्यम हार्टली या इतिहासकाराने युटाच्या इतिहास-संस्थेच्या त्रैमासिकात या कथेची नव्याने तपासणी केली. हार्टली स्वतः त्याच पंथाचे, त्यामुळे त्यांच्या लेखनात कुचेष्टा नाही. त्यांनी एवढेच केले की उत्तरकालीन आठवणी बाजूला ठेवून १८४८ मधील रोजनिशा आणि पत्रे वाचली. किडे आले आणि कुरवांनी ते खाल्ले, हे खरेच ठरले. मात्र त्या वर्षीच्या नुकसानीत हिवाचा आणि अवर्षणाचा वाटाही मोठा होता. कुरवांचा उल्लेख समकालीन नोंदींत अपेक्षेपेक्षा फारच थोडा सापडला. शिवाय कुरव त्याच एका वर्षी आले नव्हते. पुढील वर्षांतही किडे आले आणि कुरवही आले. अनेक वर्षांच्या अनुभवांतून स्मृतीने एक जून महिना निवडला आणि अनेक कारणांतून एकच संकट व एकच तारणहार ठेवला.

पक्ष्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे येणे अनपेक्षित नव्हते. या जातीची वीण खाऱ्या सरोवरातील बेटांवर होते. मनुष्य तेथे येण्यापूर्वीही ती होत असणार. १८४९-५० मध्ये हॉवर्ड स्टॅन्सबरीने सरोवराची सरकारी पाहणी केली, तेव्हा बेटांवरील पक्ष्यांच्या वसाहती त्याने पाहिल्या होत्या. सरोवराचे मुख्य पाणी इतके खारट की त्यात मासा जगत नाही. तेथे मिळतात ती खाऱ्या पाण्यातली बारीक कोळंबी आणि किनाऱ्यावर दाट थरांनी बसणाऱ्या माश्या. चोच उघडी ठेवून कुरव या माश्यांच्या थव्यातून धावत जातो आणि तोंडात येतील तेवढ्या गिळतो. अन्नाबरोबर आलेले जादा मीठ डोळ्यांवरच्या ग्रंथींमधून नाकावाटे बाहेर टाकण्याची सोय त्याच्या देहात आहे. पण मे-जूनमध्ये पिल्लांची भूक वाढली की तो चाऱ्यासाठी दूरदूर जातो. त्याच दिवसांत खोऱ्यात उघड्यावर, उडू न शकणाऱ्या, प्रथिनांनी भरलेल्या किड्यांचा सडा पडला होता. ओकण्याचेही तसेच. किड्याचे कठीण कवच कुरवाला पचत नाही. न पचलेला भाग गोळी करून तोंडावाटे टाकणे ही या कुळाची नित्याची रीत आहे. घुबडही तेच करते. जे वसाहतकऱ्यांना निःस्वार्थ सेवेचे लक्षण वाटले, ते पक्ष्याच्या जठराचे रोजचे काम होते.

कथेत जे राहिले नाही ते अधिक महत्त्वाचे वाटते. १० ऑगस्ट १८४८ रोजी वसाहतीने सुगीचा उत्सव केला, पण धान्य भरपूर झाले नव्हते. सप्टेंबरात यंग परतला आणि त्या मोसमात दोन हजारांहून अधिक नवी माणसे खोऱ्यात आली. १८४८-४९ चा हिवाळा कडक गेला. धान्य वाटून घ्यावे लागले. लोकांनी कंदमुळे खणून खाल्ली, त्यांत सेगो लिली नावाच्या रानफुलाचा कंद प्रमुख होता. तो कंद खाण्याजोगा आहे हे त्यांना कळले ते तेथील मूळ रहिवाशांकडून. पुढे १९११ मध्ये हेच फूल युटाचे राज्यपुष्प झाले. १८५५ मध्ये टोळधाडीने पिके पुन्हा फस्त केली आणि खोऱ्यात टंचाई आली. त्या वर्षी कुरवांनी वसाहत वाचवल्याची कथा कोणी सांगत नाही.

आणि ते किडे? शोशोनी, गोशूट, यूट या त्या प्रदेशातील मूळ जमाती ते आवडीने खात. झुंडी चरात किंवा आगीकडे हाकून ते भाजत, वाळवत आणि कुटून त्यांचे पीठ हिवाळ्यासाठी साठवत. ज्या झुंडीला वसाहतकरी अरिष्ट म्हणत होते, ती शेजारच्या माणसांची सुगी होती. त्या मोसमात एकच किडा तीन पंगतींत वाढला जात होता: मूळ रहिवाशांच्या, कुरवांच्या आणि स्वतः किड्यांच्याही. पक्ष्याला स्तंभ मिळाला, फुलाला मान मिळाला. परंतु कंदाची ओळख करून देणारी आणि किड्याचे पीठ करणारी माणसे त्या कथेतून गळाली. ज्या पाण्यावर आणि रानावर ती जगत होती, ते हळूहळू पाटांखाली आणि कुंपणांत गेले.

शासकीय सेवेत असताना पीकनुकसानीचे पुष्कळ पंचनामे वाचण्याचा योग आला. घटनेच्या आठवड्यात लिहिलेल्या पंचनाम्यात चार कारणे असतात: पाऊस उशिरा, बियाणे हलके, कीड आणि मधेच वारा. तेच गाव दहा वर्षांनी त्या सालाबद्दल बोलते, तेव्हा एकच कारण उरते. हे खोटे बोलणे नव्हे. सांगण्यासारखे तेवढे उरते आणि बाकीचे झडते. म्हणूनच त्याच आठवड्यातल्या कागदाला मोल आहे.

वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव येथील आपल्या जुन्या घराण्यांजवळ कुलवृत्तान्त आहेत. मूळ पुरुष कोणाबरोबर आला, कोणते इनाम मिळाले, कोणत्या दैवताने कौल दिला, हे त्यांत आवर्जून असते. पहिल्या दुष्काळात कोणी धान्य दिले, विहीर कोठे खणावी हे कोणी दाखवले, रानातली कोणती भाजी खाण्याजोगी हे कोणत्या शेजारणीने शिकवले, हे क्वचितच असते. ती माणसे गुजराती, कानडी, तेलुगू, माळवी बोलणारी होती. भिल्ल होती, कोळी होती. आपल्या स्वयंपाकघरात मात्र त्यांची खूण शिल्लक आहे. ताटातला एखादा पदार्थ कोठून आला हे शोधू लागले, की वृत्तान्तातले गाळलेले नाव नाही तरी गाळलेली जमात सापडते. दैवताचा कौल काढून टाकावा असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी हीही ओळ लिहावी, एवढेच.

पाखरे आपल्या कथांना बांधलेली नसतात हेही ध्यानी घ्यावे. आपल्याकडची भोरडी टोळ खाते तेव्हा शेतकऱ्याची मित्र ठरते आणि हिवाळ्यात ज्वारीच्या कणसांवर उतरली की त्याच शेतकऱ्याच्या गोफणीची धनी होते. युटाचा हाच पूज्य कुरव इतर पाणपक्ष्यांची अंडी व पिल्ले खातो, कचऱ्याच्या ढिगांवर पोसतो आणि कॅलिफोर्नियात काही ठिकाणी संरक्षित पक्ष्यांच्या विणीला उपद्रवी ठरला आहे. त्याची वृत्ती १८४८ मध्ये होती तीच आजही आहे.

आता त्याच्या पंगतीचीच चिंता उत्पन्न झाली आहे. ग्रेट सॉल्ट लेकमध्ये येणारे नद्यांचे पाणी दीर्घकाळ शेती, शहरे आणि उद्योग यांसाठी वळवले गेले; त्यात शेतीचा वाटा सर्वांत मोठा आहे. अवर्षणाची त्यात भर पडली आणि २०२२ मध्ये सरोवराची पातळी नोंदींतील नीचांकाला गेली. पाणी आटले की क्षार वाढतो, कोळंबी आणि माश्या धोक्यात येतात, बेटे किनाऱ्याला जोडली जातात आणि हिंस्र प्राण्यांना घरट्यांपर्यंत वाट मिळते. कुरवांनी जी शेते राखली असे कथा सांगते, त्या शेतांच्या पाटांनीच पुढे कुरवांचे सरोवर उतरवले. सरोवरात पुरेसे पाणी सोडण्यासाठी तेथे आता कायदे, निधी आणि वादविवाद चालू आहेत. स्तंभ उभारून एक शतक लोटल्यावर त्या वसाहतीपुढे उपकार फेडण्याचा प्रश्न आला आहे, तो पाण्याच्या हिशेबाच्या रूपाने.