माळ पडीक नव्हता, आपण त्याला पडीक ठरवलं

वाशीम जिल्ह्यात पर्यटन म्हटलं की पोहरादेवी, शिरपूर, बालाजी, कारंजाचं गुरुमंदिर. पण कारंजाजवळ सुमारे १८ चौरस किलोमीटरचं काळवीट अभयारण्यही आहे, कारंजा-सोहोळ. २००० साली जाहीर झालेलं. तिथं वाघ नाही, दाट झाडी नाही. म्हणून लोक म्हणतात, "तिथं काय पाहाचं? गवतच तर हाय!"

मंडळी, गवताची ही किंमत आपल्या मनात कुठून आली, ते थोडं बघू.

१८५३ मध्ये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला भाव आला. माळ नांगराखाली गेले. पुढं कापूस वाहायला आपली शकुंतला आली. जी जमीन सारा देत नव्हती, ती सरकारी हिशेबात पडीक. चराईचे जे तुकडे उरले, त्यांना आपण आजही ई-क्लास म्हणतो.

या माळावर जगणाऱ्या फासेपारध्यांना गवत वाचता यायचं. कुठल्या पाखराची वीण कुठं, काळविटाचा कळप कोणत्या वाटेनं जातो, सगळं त्यांना ठाऊक. १८७१ला सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी त्यांच्यावर जन्मतःच गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र समाजाच्या मनात राहिला. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली, ते योग्यच. पण पारध्याच्या पोटाचं काय, हा प्रश्न मागंच राहिला.

आता समृद्धी महामार्ग याच अभयारण्यातून गेलाय. डिसेंबर २०२२ पासून नागपूरची गाडी भुर्रकन येते. उद्या रिसॉर्ट येतील, सफारी येईल. पैसा कोणाच्या खिशात जाईल? रोही आणि हरणं रातोरात तूर-सोयाबीन फस्त करतात, ते शेतकऱ्याचं. नुकसान त्याचं अन् तिकीट दुसऱ्याचं, असं पर्यटन फार दिवस टिकत नाही.

केनियात मसाई मारालगतच्या जमिनीचे मालक पर्यटन कंपन्यांकडून जमिनीचं भाडं घेतात. जनावर जिवंत राहण्यात त्यांचाही फायदा असतो. आपल्याकडेही सुरुवात आहे: कारंजाची 'संवेदना' संस्था फासेपारध्यांना सोबत घेऊन माळरान आणि तणमोर वाचवण्याचं काम करते.

म्हणून मागणी साधी आहे. वाटाड्या पारधी असावा, मुक्काम गावातल्या घरात असावा, प्रवेश शुल्कातला वाटा ग्रामसभेला मिळावा, पीक नुकसानीची भरपाई वेळेवर यावी. आणि गवताळ माळावर झाडं लावून फोटो काढणं थांबवावं. काळविटाला सावलीपेक्षा मोकळं गवत लागतं.

आपापल्या गावच्या ई-क्लासचा सातबारा एकदा काढून बघा. किती उरलंय, ते कळू द्या.