आत्मा बदलून मिळेल

गीतेतला आत्मा जुनं शरीर टाकून नवं धारण करतो. आपल्याकडच्या मोटारीचं नेमकं उलटं. शरीर तेच, आत्मा नवा!

याला इतिहास आहे. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडायच्या, त्या काळात नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. जावयासाठी नोंदवलेली गाडी नातवाच्या मुंजीला यायची. तेव्हा इंजिन बसलं की ‘नवी घेऊ’ म्हणायची सोयच नव्हती. इंजिन उतरवायचं, सिलिंडर बोअर करायचे, पिस्टन नवे, क्रँक घासून घ्यायचा. बोअर करायलाही धातू उरला नाही की आत स्लीव्ह ठोकायची. फियाटचं ते १०८९ सी.सी.चं इंजिन असे तीन-तीन जन्म काढी. १९७३ नंतर पेट्रोल भडकलं आणि बड्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात डिझेल इंजिनं बसू लागली. बाहेरून डॉज, आतून ट्रॅक्टर! आळीतल्या मांडणीवरची भांडी वाजत, पण खर्च परवडे.

घोडं अडतं ते स्पोर्ट्स कारपाशी. तिच्यात इंजिन हीच गाडी. बाकी दोन माणसं कशीबशी कोंबायची सोय. नव्वदीच्या अखेरीस गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरची दोन आसनी गाडी निघाली, तिचं इंजिन रेनोचं. म्हणजे आत्मा जन्मतःच फ्रान्सहून दत्तक. असल्या गाड्यांचा पिस्टन काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

२०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तेव्हापासून अशा गाड्या समुद्र ओलांडून पार रेवसपर्यंत येतात. अशीच एक (कंपनीचं नाव नको) रेवसच्या धक्क्याजवळ तापून जाम झाली. मालक आमचे निवृत्त साहेब. फंडाच्या पैशातून जुनी घेतलेली; वहिनींना त्या पैशात गच्चीची गळती काढायची होती.

गॅरेजवाल्यानं दोन आकडे सांगितले. आहे तेच इंजिन दुरुस्त करायचं तर एवढे, दुसऱ्या गाडीचं बसवायचं तर निम्मे, वर आर.टी.ओ.त जाऊन आर.सी. बुकात नवा इंजिन नंबर. मी बी.कॉम. माणूस, लगेच घसारा काढला. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! हिशेबानं गाडी केव्हाच वारली होती, फक्त साहेबांना कळवलं नव्हतं.

शेजारच्या होडीवरचा मिस्त्री हे सगळं ऐकत होता. म्हणाला, “साहेब, बदला. ह्या होडीला आधी शीड होतं. आता तिसरं इंजिन आहे. निम्म्या फळ्यापण बदलल्या. होडी तीच.”

साहेबांनी बराच वेळ विचार केला.

“आणि आवाज?”

“आवाज नव्या इंजिनाचाच येणार की.”

“मग बोअरच करा,” साहेब म्हणाले, आणि गाडी टेम्पोवर चढली. वहिनींना आकडा सांगायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. कारण काय, तर मी बी.कॉम.